साठ वर्षांची विधवा, सहा वर्षांचं मूल : मंडळीने वय कधी मोजायला सुरुवात केली?



आपल्या कोणत्याही मराठी मंडळीच्या फलकावर आठवड्याचा कार्यक्रम लिहिलेला असतो. शब्बाथशाळा, तरुण संघ, महिला मंडळ, कुठे ज्येष्ठांची प्रार्थनासभा, कुठे नवविवाहितांसाठी वर्ग. हे इतकं अंगवळणी पडलं आहे की मंडळी म्हटली की हे कप्पे असणारच, प्रेषितांच्या काळापासून ते असेच चालत आले असणार, असं आपण धरून चालतो. तसं ते नाही. यातला बहुतेक कप्पा सव्वादोनशे-अडीचशे वर्षांहून जुना नाही, आणि काहींचं वय तर शंभर-सव्वाशे वर्षं इतकंच आहे. ते कुठून आले, कशासाठी आले, आणि ते येताना कोण आत आलं नि कोण बाहेर राहिलं, हे आज पाहायचं आहे.

सुरुवात नव्या करारापासून करू. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेममधल्या मंडळीत पहिली मोठी कुरकुर झाली ती कशावरून? रोजच्या वाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांची तक्रार होती की आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. त्यावर सात माणसं नेमली गेली. आम्हाला हा प्रसंग फार बोलका वाटतो. मंडळीने पहिली ‘सेवा’ वेगळी काढून तिला माणसं नेमली ती एका विशिष्ट अवस्थेतल्या लोकांसाठी, आणि त्या तक्रारीच्या मुळाशी भाषेचा भेद होता. हा भाषेचा धागा लक्षात ठेवा, शेवटी तो लागणार आहे.

दुसरा उल्लेख तीमथ्याच्या पहिल्या पत्रातला, पाचव्या अध्यायातला. विधवांच्या यादीत नाव घालायचं तर तिचं वय साठ वर्षांच्या आत नसावं, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे बघा, एखाद्या गटात येण्यासाठी मंडळीने आकड्यात वय सांगितलं ते साठ! मुलांसाठी नाही, तरुणांसाठी नाही. कारण उघड आहे. ज्या बाईला घर नाही, कमावता मुलगा नाही, पुन्हा लग्नाचा संभव नाही, तिचा भार कोणी घ्यायचा, हा पोटाचा प्रश्न होता. मुलांचं काय? मुलं घरात शिकत. त्यांच्यासाठी वेगळा वर्ग असल्याची खूण आपल्याला सापडत नाही.

पहिल्या काही शतकांत शिकवणुकीचे टप्पे होते, पण ते वयाचे नव्हते. बाप्तिस्मा घेऊ पाहणारा माणूस वीस वर्षांचा असो की पन्नास, त्याला श्रोत्यांमध्ये बसावं लागे, दीर्घकाळ शिकावं लागे, मगच तो प्रभुभोजनाला येई. पुढे युरोपात जवळजवळ सगळेच जन्मल्याबरोबर बाप्तिस्मा घेऊ लागले, तेव्हा प्रश्न उलटा झाला. बाळ तर मंडळीत आलंच आहे, आता त्याला कळतं कधी? १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने सांगितलं की समज आलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं आणि पुनरुत्थानाच्या सणाला ख्रिस्तप्रसाद घ्यावा. ‘समज आलेल्या’ म्हणजे किती वर्षांच्या? यावर पुढची सातशे वर्षं घोळ चालला. कुठे दहा, कुठे बारा, कुठे चौदा. शेवटी १९१० साली पोप दहावे पायस यांनी सात वर्षांच्या सुमाराला ही समज येते असं ठरवून दिलं. पौर्वात्य मंडळ्या, त्यात केरळातल्या ऑर्थोडॉक्स सिरियन मंडळ्याही आल्या, यांनी हा प्रश्न उपस्थितच होऊ दिला नाही. तिथे तान्ह्या बाळालाही बाप्तिस्म्याबरोबर प्रसाद मिळतो. एकच धर्म, आणि ‘लहान’ म्हणजे कोण याची दोन उत्तरं.

आपल्याकडे, म्हणजे कोकण किनाऱ्यावर, मुलांना एकत्र करून शिकवण्याची पद्धत पोर्तुगीज काळात आली. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले आणि हातात घंटा घेऊन रस्त्यांतून मुलं गोळा करत फिरले, हे सर्वश्रुत आहे. मुलं दोत्रीन पाठ करायची आणि घरी जाऊन म्हणायची, म्हणजे मोठ्यांपर्यंत ती आपोआप पोचायची. पण नुसत्या घोकंपट्टीने मोठ्यांचं समाधान होत नव्हतं. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्री-गुरूंना विचारतो की आमची पूर्वीची पुराणं तर बंद झाली, मग त्यांच्या जागी आम्ही वाचायचं काय? १६१६ साली रायतूरला छापलेला तो ओवीबद्ध मराठी ग्रंथ हे त्या प्रश्नाचं उत्तर. आम्ही याला मराठीतलं पहिलं प्रौढ ख्रिस्ती शिक्षण म्हणू. आणि ते वर्गात बसवून दिलेलं नव्हतं, सगळ्या गावाने ऐकायचं होतं. पुराण ऐकायला जमलेल्यांत आजीही असते नि नातूही असतो, वयाप्रमाणे कोणी उठवून वेगळं बसवत नाही.

आता ज्याला आपण शब्बाथशाळा म्हणतो तिच्याकडे येऊ. १७८०, इंग्लंडमधलं ग्लॉस्टर शहर. रॉबर्ट रेक्स नावाचे गृहस्थ ‘ग्लॉस्टर जर्नल’ हे वर्तमानपत्र चालवत. त्या शहरात टाचण्या तयार करण्याचा मोठा धंदा होता. (ॲडम स्मिथने चारच वर्षं आधी श्रमविभागणी समजावताना टाचणीचंच उदाहरण घेतलं होतं, एका टाचणीमागे सुमारे अठरा क्रिया. त्या क्रिया करणारे हात किती लहान होते, ते त्याने सांगितलं नाही.) मुलं सहा दिवस कामाला. रविवारी सुट्टी, म्हणून रविवारी रस्त्यावर दंगा. रेक्स यांनी काही बायकांना रविवारचा एक शिलिंग देऊन आपल्या घरी मुलं जमवून वाचायला शिकवायला सांगितलं. अट एवढीच की हातपाय-तोंड धुतलेलं असावं आणि केस विंचरलेले असावेत.

हे सारं रेक्स यांच्याच डोक्यातून निघालं असं नाही. हाय विकमला हॅना बॉल या बाईंनी १७६९ पासून अशी शाळा चालवली होती. पण रेक्स यांच्याकडे छापखाना होता! १७८३ मध्ये त्यांनी आपल्या पत्रात याविषयी छापलं आणि ती कल्पना देशभर गेली. छापखानेवाल्याचं नाव इतिहासात राहतं, बाईचं राहत नाही. असो.

मुद्दा असा की ही शाळा रविवारी का भरली? धर्मासाठी नव्हे, तर दुसरा वार मोकळा नव्हता म्हणून. ती बालकामगारांची साक्षरता शाळा होती. ‘लहान मुलांच्या मानसिकतेला झेपेल असं धर्मशिक्षण’ वगैरे कल्पना तिच्यामागे नव्हती. पुढे इंग्लंडात एक वाद पेटला, तो आज ऐकायला गमतीचा वाटतो पण त्या मुलांच्या दृष्टीने जीवनमरणाचा होता. रविवारी वाचायला शिकवावं, कारण बायबल वाचता येईल, पण लिहायला शिकवावं का? लिहिणं म्हणजे काम, आणि प्रभूच्या दिवशी काम करू नये. कित्येक ठिकाणी लिखाण बंद केलं गेलं. ज्या पोराला आठवड्यात फक्त तो एक दिवस मिळत होता त्याला सही करायला शिकायचीही वाट राहिली नाही. धार्मिक काटेकोरपणाची किंमत कोण मोजतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं.

त्याच सुमारास वेल्समध्ये काय झालं ते पाहा. बालाचे थॉमस चार्ल्स यांनी तिथे रविवारच्या शाळांचं जाळं उभं केलं. वेल्सच्या शाळेत मोठी माणसं मुलांइतकीच येत. शेतमजूर, आया, आजोबा, सगळे आपापल्या वर्गात बायबल घेऊन बसत, आणि भाषा वेल्श. इंग्रजी शाळांतून जी भाषा हाकलली जात होती ती रविवारच्या शाळेत जगली. इंग्लंडात शब्बाथशाळा ही मुलांची गोष्ट झाली, वेल्समध्ये ती सबंध समाजाची राहिली. एकच संस्था, वीस-पंचवीस कोसांच्या अंतरावर दोन वेगळ्या वाटांनी गेली. म्हणून ‘वयानुसार विभागणी स्वाभाविकच आहे’ असं कोणी म्हटलं की आम्ही वेल्सकडे बोट दाखवतो.

इंग्लंडातली वाट मुलांकडे वळली त्याला सरकारी शाळा कारण झाली. १८६२ च्या नियमांनी दिवसाच्या शाळेत सहा इयत्ता ठरल्या. १८७० च्या कायद्याने शाळा सर्वत्र निघाल्या आणि १८८० मध्ये हजेरी सक्तीची झाली. आता अक्षरओळख सोमवारी होऊ लागली. रविवारच्या शाळेकडे उरलं फक्त धर्मशिक्षण, आणि तिने रूप उचललं ते मात्र सोमवारच्या शाळेचं. बाकं, इयत्ता, हजेरीपट, बक्षिसं. आपण ज्याला मंडळीची परंपरा समजतो तो पुष्कळसा शिक्षणखात्याचा वारसा आहे, बरं का.

अमेरिकेत तर यावर सरळ झगडाच झाला. १८७२ साली इंडियानापोलिस येथील अधिवेशनात ‘समान पाठमाला’ मंजूर झाली. दर रविवारी सर्व वयांना, सर्व पंथांना, बायबलचा एकच उतारा. सहा वर्षांच्या पोरीलाही तोच, साठ वर्षांच्या शेतकऱ्यालाही तोच, शिकवण्याची रीत तेवढी वेगळी. ही पाठमाला जगभर पसरली, अनेक भाषांत गेली. विचार करा, घरात जेवताना सगळ्यांकडे बोलायला एकच गोष्ट! पुढे बालमानसशास्त्र आलं. स्टॅन्ली हॉल यांचा किशोरावस्थेवरचा ग्रंथ १९०४ चा. मुलाचं मन टप्प्याटप्प्याने वाढतं, मग सहा वर्षांच्या मुलाला यिर्मयाची विलापगीते कशाला, असं शिक्षक विचारू लागले, आणि त्यांचं चुकीचं नव्हतं. १९०८ मध्ये लुइव्हिलच्या अधिवेशनाने वयवार पाठमालेला परवानगी दिली. आज आपल्या मुलांच्या हाती रंग भरायची जी पानं असतात त्यांचं कूळ तिथे आहे. आमचं मत विचाराल तर मुलांचा फायदा झाला हे खरं, पण जेवणाच्या ताटाभोवतीचा तो एकच उतारा गेला, आणि तो परत आणण्याची सोय कोणी केली नाही.

तरुणांच्या संघटनांचीही हीच तऱ्हा, म्हणजे गरजेतून जन्म. १८४४ मध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी लंडनमध्ये वायएमसीए काढली ती कापडदुकानातल्या नोकरांसाठी. खेड्यातून आलेली, दुकानाच्याच माडीवर झोपणारी, रात्री कुठे जायचं हे न कळणारी पोरं. १८८१ मध्ये अमेरिकेत पोर्टलंड येथे पाळक फ्रान्सिस क्लार्क यांनी ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ संघ काढला. त्यांची अडचण वेगळी होती. जागृतीच्या सभांत तरुणांनी निश्चय केले, पण मंडळीत त्यांना करायला काम नव्हतं, वडीलधारे सगळं करत होते. क्लार्क यांनी प्रत्येकाकडून वचन घेतलं आणि प्रत्येकाला एखाद्या समितीत घातलं. हा संघ काही वर्षांत जगभर, भारतातल्या मिशनांतही पोचला. आणि आईपणाच्या अवस्थेसाठी इंग्लंडात मेरी सम्नर यांनी १८७६ मध्ये ‘मदर्स युनियन’ सुरू केलं. स्वतःच्या मुलीला बाळ झाल्यावर त्यांना आपलं पहिलं बाळंतपण आठवलं, त्या वेळी कोणी सांगणारं असतं तर किती बरं झालं असतं असं वाटलं, एवढंच त्याचं मूळ.

आता आपल्या घरी येऊ. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईला आले आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्यांचं मोठं ठाणं झालं. त्यांच्या डोक्यात अमेरिकेतले कप्पे होते, पण समोर जी माणसं आली ती त्या कप्प्यांत बसेनात. मंडळीत आलेला चाळिशीचा महार शेतमजूर बाप्तिस्म्याने ‘प्रौढ’, पण अक्षरओळखीने पहिल्या इयत्तेत. त्याचा दहा वर्षांचा मुलगा मिशनच्या शाळेत जाऊन बापाला बायबल वाचून दाखवतो. इथे थोर कोण, लहान कोण? नऊ वर्षांची मुलगी ‘बालवर्गात’ घालायची तर तिचं लग्न झालेलं. बारा वर्षांची मुलगी विधवा. वय एक सांगतं, अवस्था दुसरीच.

म्हणून इथे ज्या सेवा खऱ्या अर्थाने रुजल्या त्या वयापेक्षा अवस्था पाहून निघाल्या. सिंथिया फॅरार या अविवाहित बाई १८२७ मध्ये मुंबईला आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांच्या शाळा पाहून जोतीरावांना मुलींच्या शाळेची प्रेरणा झाली हे आपण जाणतोच. दुसरी सेवा बायबलबाईंची. घराघरांत, परसदारी, जिथे पुरुष सुवार्तिकाला पाऊल ठेवता येत नाही तिथे ही बाई जाई. बहुतेकदा ती विधवा, मध्यमवयाची किंवा त्यापुढची. समाजात ज्या बाईला शुभकार्यात पुढे येऊ देत नसत, तिचं विधवापणच इथे तिच्या कामाला आलं, कारण तिला फिरण्याची मोकळीक होती आणि मागे स्वयंपाकाचा ताण नव्हता. तीमथ्याच्या पत्रातली ती जुनी यादी नगर जिल्ह्यातल्या धुळीच्या वाटांवर पुन्हा चालू झाली म्हणा ना. या बायांची नावं अहवालांत क्वचित पूर्ण दिलेली असतात. हे आम्हाला खटकतं.

मुलांसाठी १८७३ मध्ये ‘बालबोधमेवा’ मासिक निघालं. मराठीत मुलांसाठी वेगळं नियतकालिक ही तेव्हा मोठी गोष्ट होती. आणि सगळ्यांसाठी? सगळ्यांसाठी कीर्तन. नगरकडच्या ख्रिस्ती मंडळींनी हा प्रकार उचलला, कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारखे कीर्तनकार आणि पद्यकार तिथे तयार झाले. पेटी, टाळ, पूर्वरंग, आख्यान, आणि समोर तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळी वस्ती.

या सर्वांत पंडिता रमाबाईंचं काम आम्हाला सर्वांत विलक्षण वाटतं. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला नेलं. ते उच्चवर्णीय बालविधवांसाठी होतं. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंनी स्वतः दुष्काळात आईवडील गमावले होते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, बाया घेऊन केडगावला आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातेतूनही आणल्या. मुक्ती सदन असं उभं राहिलं. त्यातून गरजेप्रमाणे घरं फुटत गेली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध आणि दुबळ्यांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन, अंध मुलींसाठी बार्तिमी सदन. बार्तिमी म्हणजे शुभवर्तमानातला तो रस्त्याकडेचा आंधळा भिकारी. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल शिकून इथल्या मुलींना शिकवलं.

आता ही यादी फलकावरच्या यादीशेजारी ठेवून पाहा. इथे ‘बालविभाग, तरुणविभाग’ नाही. इथे प्रश्न विचारला आहे तो ‘हिच्यावर काय ओढवलं आहे?’ असा. अर्थात यालाही दुसरी बाजू आहे. प्रत्येक घराला नाव दिलं की त्या नावाचा शिक्काही बसतो. कृपा सदनातल्या बाईला आयुष्यभर कृपा सदनातली म्हणूनच ओळखलं जाणं सोपं नसणार. रमाबाईंवर प्रेम असलं तरी हे म्हणायला हवं.

रमाबाईंनी मग बायबल भाषांतरित करायला घेतलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कारण चालू भाषांतराची मराठी साध्या बायकांना जड जाते असं त्यांचं मत होतं. मृत्यूपर्यंत, म्हणजे एप्रिल १९२२ पर्यंत, त्या हेच करत होत्या. मुक्तीतल्याच बायकांनी खिळे जुळवून ते छापलं, १९२४ मध्ये ते बाहेर आलं. नव्याने वाचू लागलेल्या प्रौढ बाईसाठी केलेलं सबंध बायबल! पाठमाला करणाऱ्या समित्यांना हे सुचलं नव्हतं.

आणखी एका अवस्थेचं सांगायचं राहिलं. पाश्चात्त्य मिशनांकडे बालपण, तारुण्य, संसार यांसाठी काहीना काही होतं. उतारवयासाठी काय? बहुधा निवृत्तिवेतन. आपल्या मातीत मात्र त्या वयाला नाव होतं, कामही होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, वीसेक वर्षं मिशनमध्ये राहिले, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी भाग सांभाळला, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यास जाहीर केला. साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोन्ही येऊ शकत. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते वारले, म्हणून तो प्रयोग वाढला नाही. पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने मंडळीला विचारलेला प्रश्न तसाच आहे: संसार उरकलेल्या माणसाला तुम्ही खुर्ची आणि शाल याखेरीज काय देता? लक्ष्मीबाईंनी त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ पुढे नेलं. अकराव्या वर्षी लग्न झालेली, अक्षरं लग्नानंतर शिकलेली ही बाई, साठी उलटल्यावर ‘स्मृतिचित्रे’ची लेखिका म्हणून महाराष्ट्रापुढे आली.

आता तो भाषेचा धागा. गेल्या पिढीत मुंबई, पुणे, वसई, नगर, नाशिक, कुठेही पाहा, ख्रिस्ती घरांतली मुलं इंग्रजी माध्यमात गेली. साहजिकच शब्बाथशाळेचे पाठ इंग्रजीत आले, तरुणांची गाणी इंग्रजीत किंवा हिंदीत आली. मराठी उपासनेला राहिली ती केस पिकलेली माणसं. पूर्वी वयोगट हे एकाच मंडळीतले वर्ग होते, आता ते दोन भाषांचे दोन समाज होऊ पाहतात. आजीला पाठ असलेलं टिळकांचं गीत नातवाला वाचता येत नाही, आणि नातवाचं गाणं आजीला कळत नाही. काही मंडळ्यांनी महिन्यातून एक रविवार सर्व वयांची एकत्र उपासना ठेवली आहे. त्यात बहुधा मुलांनी एक गाणं म्हणायचं आणि मोठ्यांनी टाळ्या वाजवायच्या, एवढंच होतं. आम्हाला ते पुरेसं वाटत नाही. मुलाने बायबलचा उतारा देवनागरीत वाचावा, अडखळला तर शेजारच्या म्हाताऱ्याने सांगावं, असा एखादा तास का नसावा? वेल्समध्ये तो दीडशे वर्षं चालला. नगरच्या वाड्यांत तो उलट्या दिशेने चालला होता, मुलगा बापाला वाचून दाखवत होता.

यरुशलेमच्या मंडळीने ग्रीक बोलणाऱ्या विधवांची कुरकुर ऐकली तेव्हा सात माणसं निवडली. त्या सातांची नावं कृत्यांत दिली आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक नावं आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच माणसं वाटपावर बसवली, असं दिसतं. आपल्या मंडळ्यांच्या समित्यांत विशीतली किती माणसं आहेत आणि सत्तरीतल्या विधवा किती, हे श्रोत्यांपैकी कोणी सांगू शकेल का? वीस मिनिटं उरली आहेत, तेव्हा प्रश्नोत्तरांची सुरुवात तिथूनच करू या.